कोंढाण्याचा उंदीर आणि शक्यतेचा नकाशा

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत उंदराला जागा मिळावी, याचे काहींना नवल वाटेल. गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक आपल्याला चालतो, धान्याच्या कणगीत शिरलेला चालत नाही. या दोहोंखेरीज रानात राहणारा, आपल्या घराकडे कधीही न फिरकणारा असा तिसरा उंदीर असतो आणि त्याच्या अनेक जाती असतात, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आजचे विवेचन अशाच एका रानउंदराच्या निमित्ताने आहे. एखादा प्राणी कुठे कुठे राहू शकेल याचा नकाशा, प्रत्येक डोंगरावर पाय न ठेवता, अभ्यासक कसा काढतात? त्या नकाशावर विश्वास किती ठेवावा? आणि एवढ्याशा उंदरासाठी ही यातायात का करावी? या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहू.

उदाहरणासाठी निवडलेला उंदीर आपल्या ओळखीच्या गडावरचा आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. त्याच नावावरून या उंदराचे शास्त्रीय नाव पडले आहे, ‘मिलार्डिया कोंडाना’.

दक्षिण मराठा मुलखापासून सिंहगडापर्यंत

या उंदराच्या कुळाची कथा आपल्या सीमाभागातून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धारवाड-बेळगावकडच्या प्रदेशाला इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’, म्हणजे दक्षिण मराठा मुलूख म्हणत. तिथे वॉल्टर इलियट नावाचे मुलकी अधिकारी होते. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या १८२४ च्या लढ्यात ओलीस धरल्या गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी हे एक. इलियट यांना भाषा, शिलालेख, नाणी आणि प्राणी या सगळ्यांचाच नाद होता. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियमचे जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३७ मध्ये एका मऊ केसांच्या शेतउंदराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे ‘मेल्टाडा’ हे नाव तिथल्याच स्थानिक बोलीतून घेतलेले आहे. पुढे १८३९ मध्ये इलियट यांनी या मुलखातील सस्तन प्राण्यांची यादीही छापली. आज हा मेल्टाडा दख्खनच्या शेतशिवारात अनेक ठिकाणी आढळतो.

१९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड हे त्या पाहणीचे एक आधारस्तंभ. लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस यांनी मऊ केसांच्या या उंदरांच्या प्रजातीला त्याच वर्षी ‘मिलार्डिया’ असे नाव दिले. आज या प्रजातीत चारच जाती मानल्या जातात.

त्यांतली कोंडाना ही जात ओळखली गेली ती मात्र १९७५ मध्ये. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी मिलार्डिया प्रजातीचा आढावा घेताना सिंहगडावरचे नमुने वेगळे असल्याचे दाखवले. हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. विषाणूंच्या संस्थेने उंदीर का तपासावेत, असे कोणी विचारील. रानातल्या उंदरांच्या अंगावर गोचिड्या आणि पिसवा असतात आणि त्यांतून माणसाला आजार होऊ शकतात. १९५७ मध्ये शिमोग्याकडे कळलेला क्यासनूर जंगलताप असाच गोचिडीमार्फत येतो, आणि अलीकडे गोव्यातील सत्तरी व कोकणातील दोडामार्ग भागातही तो पोहोचला आहे. म्हणजे कोणता उंदीर कोणत्या रानात राहतो, हा प्रश्न आरोग्यखात्याच्याही कामाचा आहे.

कोंढाण्याचा हा उंदीर मेल्टाडापेक्षा अंगाने मोठा, निशाचर, बिळे करून राहणारा. ग्रंथांतून त्याचा पत्ता दीर्घकाळ एकच दिला जाई, तो म्हणजे सिंहगडाचे पठार. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तांबड्या यादीत तो संकटग्रस्त वर्गात आहे. सिंहगडाची उंची सुमारे १,३०० मीटर आणि माथ्यावरचे क्षेत्र एका चौरस किलोमीटरच्या आसपास. राजगड, तोरणा, पुरंदर हे गडही तेवढेच किंवा थोडे अधिकच उंच, आणि तोरण्याचा डोंगर तर सिंहगडावरून समोर दिसतो. मग पत्त्यात एकाच गडाचे नाव का? तो उंदीर खरोखर तेवढ्याच जागेपुरता आहे, की पिंजरे तेवढ्याच जागी लागले? नकाशाची गरज या प्रश्नातून उभी राहते.

कोनाडा आणि पोहोच

जोसेफ ग्रिनेल हे कॅलिफोर्नियातील प्राणिशास्त्रज्ञ. १९१७ मध्ये त्यांनी तिथल्या थ्रॅशर नावाच्या पक्ष्याविषयी एक निबंध लिहिला आणि त्यात ‘निश’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे त्याला ‘कोनाडा’ म्हणता येईल. जुन्या घरात दिव्याचा कोनाडा वेगळा, देवाचा वेगळा. तसे प्रत्येक जातीला उष्णता, पाऊस, आडोसा, अन्न यांची एक ठरावीक चौकट लागते, असे त्यांचे म्हणणे. १९५७ मध्ये जी. एव्हलिन हचिन्सन यांनी त्याला गणिताचे रूप दिले. तपमान ही एक मोजपट्टी, पाऊस ही दुसरी, जमिनीचा उतार ही तिसरी, अशा अनेक मोजपट्ट्यांवर ती जात जिथे टिकू शकते तो भाग म्हणजे तिचा कोनाडा.

पण कोनाडा आहे म्हणून दिवा असतोच असे नाही. प्राणी एखाद्या जागी असण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. हवामान आणि जमीन मानवली पाहिजे. तिथे अन्न मिळाले पाहिजे आणि शत्रू किंवा प्रतिस्पर्धी पुरून उरता कामा नयेत. तिसरी गोष्ट म्हणजे त्या जागी पोहोचता आले पाहिजे.

तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबांना कोणी वेगळे समजावून सांगायला नको. समजा, एखाद्या परक्या अभ्यासकाने सातारा, पुणे, नगर या भागांतील पाऊस, माती आणि पिके मोजली आणि ‘मराठी माणूस कुठे राहत असेल’ याचा नकाशा त्यावरून काढला. त्या नकाशात तंजावर येईल का? ग्वाल्हेर येईल का? बडोदे, इंदूर येतील का? बहुधा नाहीत. तिथे आपले पूर्वज गेले ते भोसले, शिंदे, गायकवाड, होळकर यांच्या राज्यांमुळे. कोणी फौजेबरोबर गेले, कोणी कारकुनीला, कोणी भिक्षुकीला. उलट, देशाशी हवामानाने अगदी मिळतीजुळती कितीतरी गावे असतील की जिथे एकही मराठी घर नाही, कारण तिकडे जायला काही कारणच घडले नाही. हवामान शक्यता दाखवते. वस्ती प्रत्यक्ष होते की नाही, ते वाट मिळण्यावर आणि घडलेल्या इतिहासावर ठरते.

उंदराच्या बाबतीत सत्ता आणि नोकरी यांच्या जागी दऱ्या, नद्या आणि शेतजमिनी येतात. सिंहगडाच्या माथ्यावरून तोरण्याच्या माथ्यावर जायचे तर मध्ये खोल, उष्ण खोरी आहेत. माणूस ती एका दिवसात ओलांडतो. वीतभर लांबीच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याला तोच पल्ला अनेक पिढ्यांचा असू शकतो, किंवा कधीच न पार होणारा. म्हणून ‘अनुकूल अधिवासाचा नकाशा’ हे नाव नीट लक्षात ठेवावे. त्यात ‘प्राणी इथे आहे’ असे विधान नसते. ‘ज्या जागी प्राणी सापडला, तिच्यासारखी ही जागा आहे’ एवढेच विधान असते.

नकाशा कसा तयार होतो

आधी लागतात नोंदी. संग्रहालयात ठेवलेल्या प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी असते. तिच्यावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. जुन्या चिठ्ठीवर ‘पुण्याजवळ’ एवढेच लिहिलेले असले, तर ती नोंद वापरावी की बाजूला ठेवावी हे ठरवावे लागते. पुण्याजवळ म्हणजे मुळेच्या काठी की घाटमाथ्यावर? या दोन्हींमध्ये पावसाचा फरक कित्येक पटींचा असतो. चुकीच्या जागी टोचलेली एक टाचणी सगळा नकाशा बिघडवू शकते. त्यामुळे या कामाचा बराचसा वेळ कचेरीतल्या जुन्या कागदांची छाननी करावी तसा चिठ्ठ्यांच्या छाननीत जातो.

त्यानंतर परिस्थितीचे थर लागतात. सगळ्या प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनासाठी आकडे भरायचे. वर्षाचे सरासरी तपमान, सर्वांत कोरड्या तिमाहीतला पाऊस, समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार, झाडोरा. हवामानाचे असे तयार आकडे ‘वर्ल्डक्लिम’ या संचात मिळतात. त्यात तपमान आणि पाऊस यांपासून काढलेल्या १९ राशी असतात. उंचीचे आकडे फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानातून झालेल्या रडारपाहणीतून मिळाले. झाडोऱ्याची चित्रे लँडसॅट, सेंटिनेल अशा उपग्रहांकडून येतात.

शेवटी गणित. त्याच्या अनेक पद्धती आहेत. सध्या फार वापरली जाणारी पद्धत ‘मॅक्सएंट’ या नावाने ओळखली जाते. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शॅपायर यांनी ती २००६ च्या एका निबंधात सविस्तर मांडली. त्या निबंधात त्यांनी दोन प्राणी उदाहरणादाखल घेतले होते. एक तीन बोटांचा स्लॉथ आणि दुसरा अँडीज पर्वताच्या ओल्या रानांत राहणारा ‘मायक्रोरिझोमिस मिन्युटस’ हा चिमुकला उंदीर. म्हणजे आज जगभर हत्तीपासून ऑर्किडपर्यंत वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीच्या त्या निबंधातले एक उदाहरण उंदराचेच होते.

तिचे तत्त्व अवघड नाही. समजा, एका गावात १०० घरे आहेत आणि एक पाहुणा त्यांपैकी कुठल्या तरी घरी उतरला आहे. याहून अधिक काही ठाऊक नसेल, तर प्रत्येक घराची शक्यता सारखी, म्हणजे एक टक्का धरणे हेच प्रामाणिकपणाचे. पुढे कळले की, गावात येणारे पाहुणे दहापैकी आठ वेळा विहीर असलेल्या घरी उतरतात आणि विहीर फक्त २० घरांना आहे. मग त्या २० घरांना मिळून ८० टक्के द्यायचे, म्हणजे प्रत्येकी चार टक्के. आणि उरलेल्या ८० घरांना मिळून २० टक्के, म्हणजे प्रत्येकी पाव टक्का. पण विहीरवाल्या घरांत आपसात डावे-उजवे करायचे नाही, कारण तसे करायला आधार नाही. जे ठाऊक आहे ते पाळायचे आणि जे ठाऊक नाही त्याविषयी कमीत कमी गृहीत धरायचे. घरांच्या जागी चौकोन, विहिरीच्या जागी उंची आणि पाऊस, पाहुण्याच्या जागी उंदीर, एवढा बदल केला की मॅक्सएंटचे तत्त्व हाती येते.

शेवटी प्रत्येक चौकोनाला शून्य ते एक यांमधला एक आकडा मिळतो. तो रंगांत दाखवला की नकाशा तयार. गडद रंग म्हणजे अधिक अनुकूल, फिकट म्हणजे कमी.

नकाशा कुठे फसतो

सिंहगडाचा उंदीर या कामाला मोठा बोधप्रद आहे, कारण या पद्धतीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्याच्या एका उदाहरणात दिसतात.

पहिली अडचण चौकोनाच्या आकाराची. वर्ल्डक्लिमचा सर्वांत बारीक चौकोन आपल्या अक्षांशावर साधारण एक किलोमीटर लांबीरुंदीचा असतो. गडाचा माथाही जेमतेम तेवढाच. एका चौकोनात माथा, ताशीव कडा आणि खालचा उतार हे सगळे येतात आणि त्यांची सरासरी निघते. ती सरासरी उंदराच्या बिळाला लागू पडत नाही, कारण तो राहतो माथ्यावर किंवा एखाद्या झुडपाच्या आडोशाला. अशा वेळी उंचीचे ३० मीटरचे आणि झाडोऱ्याचे १० मीटरचे चौकोन अधिक उपयोगी पडतात. पण चौकोन लहान केले म्हणून हवामानाची माहिती बारीक होत नाही. मोठ्या आकड्याची शंभर ठिकाणी नक्कल केल्यासारखे होते.

दुसरी अडचण नोंदींच्या तुटपुंजेपणाची. सगळ्या नोंदी एकाच गडावरच्या असतील, तर गणिताच्या दृष्टीने त्या जवळजवळ एकाच नोंदीसारख्या आहेत. अशा तुटपुंज्या नोंदींसाठी रिचर्ड पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मादागास्करच्या पालींवर एक कसोटी वापरून दाखवली. हाती दहा नोंदी असतील, तर एक झाकून ठेवायची, उरलेल्या नवांवरून नकाशा काढायचा आणि झाकलेली जागा त्या नकाशात अनुकूल म्हणून येते का ते पाहायचे. मग दुसरी झाकायची, मग तिसरी. पण त्यासाठी त्या दहा जागा एकमेकींपासून खरोखर वेगळ्या असाव्या लागतात. एकाच माथ्यावरच्या दहा बिळांवर ही कसोटी लावली, तर ती नेहमीच उत्तीर्ण होईल आणि आपल्याला काहीही नवे सांगणार नाही.

तिसरी अडचण तुलनेच्या क्षेत्राची. ही पद्धत उंदीर सापडलेल्या जागेची तुलना भोवतालच्या प्रदेशाशी करते. तो प्रदेश म्हणून संपूर्ण भारत घेतला, तर गणित मोठ्या दिमाखाने सांगेल की हा उंदीर थरच्या वाळवंटात किंवा गंगेच्या खोऱ्यात राहत नाही. आकडे फार चांगले दिसतील, पण हे सांगायला गणित कशाला हवे? खरा प्रश्न सिंहगड आणि तोरणा यांतल्या फरकाचा आहे. म्हणून तुलनेसाठी भीमा-नीरेच्या उगमाकडचा, घाटमाथ्यालगतचा डोंगराळ प्रदेशच घ्यायला हवा. दिसायला आकडे थोडे कमी येतील, पण उत्तर उपयोगाचे असेल.

चौथी अडचण माणसाच्या सवयीची. पिंजरे लागतात ते रस्त्याजवळ, शहराजवळ, संस्थेच्या जीपगाडीला पोहोचता येईल तिथे. सिंहगडावर वरपर्यंत गाडीरस्ता जातो आणि पुण्यातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. ज्या गडावर जायला अर्ध्या दिवसाची चढण, तिथे पिंजऱ्यांचे ओझे घेऊन कोण किती वेळा जाणार? हे लक्षात घेतले नाही, तर नकाशा उंदराची आवड दाखवण्याऐवजी संशोधकाची सोय दाखवतो. यावर उपाय असा की, तुलनेसाठीच्या जागाही जिथे उंदरांचा शोध खरोखर घेतला गेला त्याच ठिकाणांतून निवडायच्या. त्यासाठी ‘इथे पिंजरे लावले आणि हा उंदीर मिळाला नाही’ अशा नोंदी जपून ठेवाव्या लागतात. रिकाम्या पिंजऱ्याची नोंद ठेवण्याचा मात्र बहुतेकांना कंटाळा असतो.

मातीवर पडताळा

म्हणून नकाशा हा कामाचा शेवट नसतो. त्यावरून पुढे कुठे जायचे ते ठरते. संध्याकाळी बिळांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे पिंजरे लावायचे, आत शेंगदाण्याच्या कुटासारखे आमिष ठेवायचे, आणि उन्हे चढण्याआधी प्रत्येक पिंजरा पाहायचा. सापडलेला उंदीर मोजून, कानाचा कणभर तुकडा तपासणीसाठी घेऊन त्याच जागी सोडून द्यायचा. मेल्टाडा आणि कोंडाना हे जवळचे भाऊबंद. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही.

आणि सापडला नाही तर? इथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. समजा, उंदीर त्या डोंगरावर आहेच, पण एका रात्रीत तो पिंजऱ्यात येण्याची शक्यता २० टक्के आहे. म्हणजे एका रात्री तो हुकण्याची शक्यता ८० टक्के. पाच रात्री पिंजरे लावूनही तो हुकण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के उरते, दहा रात्रींनंतर सुमारे ११ टक्के. ती पाच टक्क्यांच्या खाली आणायला १४ रात्री लागतात. एका शनिवार-रविवारच्या फेरीवरून ‘इथे तो नाही’ असा निकाल देणे म्हणूनच घाईचे ठरते.

पडताळ्याला गेलेल्यांना कधी कधी अनपेक्षित लाभही होतो. मादागास्करमध्ये सरड्यांच्या जातींचे असे नकाशे काढले गेले. काही प्रदेश अनुकूल दिसत होते, पण तिथून त्या जातींची एकही नोंद नव्हती. वरवर पाहता नकाशा चुकला होता. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर तिथे विज्ञानाला अपरिचित अशा सात नव्या शॅमेलिऑन जाती आढळल्या. त्या ओळखीच्या जातींच्या नातेवाइकांनी तसेच कोनाडे दुसरीकडे व्यापलेले होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष सह्याद्रीच्या संदर्भात मुद्दाम आठवावा असा आहे. एकमेकांपासून दऱ्यांनी तुटलेले उंच माथे ही जवळजवळ बेटेच आहेत.

एवढे कशासाठी

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोचा उडी मारणारा उंदीर हे याचे बोलके उदाहरण आहे. ओढ्याकाठच्या उंच, दाट गवतात तो राहतो आणि वर्षातले आठ-नऊ महिने झोपून काढतो. २०१४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवले आणि २०१६ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना व कोलोरॅडो या राज्यांतील सुमारे ५,६०० हेक्टर ओढेकाठ त्याच्यासाठी महत्त्वाचा अधिवास म्हणून नकाशावर आखून दिला. ओढ्याला कुंपण पडले की गाईगुरांचे पाणी अडते. त्यावरून पशुपालक आणि वनखाते यांच्यात मोठे वाद झाले. उंदराची बाजू घेणारे आणि गुराख्यांची बाजू घेणारे, दोघांनाही नकाशावरची एकेक रेघ महत्त्वाची होती.

आणि ती रेघ निव्वळ गणिताने ठरत नाही. शून्य ते एक यांमधल्या कोणत्या आकड्यापुढे ‘अनुकूल’ म्हणायचे, हे माणसाला ठरवावे लागते. रेघ सैल ओढली तर उंदीर नसलेल्या जागाही बंधनात येतात आणि कोणाची तरी उपजीविका अडते. रेघ आवळली तर उंदीर असलेली जागा सुटते आणि तिथे उद्या बांधकाम होते. पहिली चूक पुढे दुरुस्त करता येते, कारण कुंपण काढता येते. दुसरी चूक झाली आणि ती जातच संपली, तर दुरुस्तीला वाव उरत नाही. म्हणून संकटग्रस्त जातीच्या बाबतीत रेघ थोडी सैल असावी, असे माझे मत आहे. मात्र त्या सैलपणाची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांना विचारात घेऊनच ती ओढावी.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक अनुसूची होती. तीत कावळा आणि वटवाघळांबरोबर उंदीर सरसकट घातलेले होते. कणगीतला कोणता आणि गडावरचा कोणता, असा भेद त्या शब्दात नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. पण कायद्यातला शब्द गेला तरी मनातली समजूत लगेच जात नाही. गडावर वाघ आहे म्हटले तर लोक सावध होतील. गडावर जगात दुर्मिळ असा उंदीर आहे म्हटले तर हसतील. सिंहगडावर रोज येणारी माणसे, वाहने, खाण्याच्या टपऱ्या, तुडवली जाणारी झुडपे हे सगळे त्या एक चौरस किलोमीटरवर आहे. या उंदराला असलेल्या धोक्यांत अधिवासाची हानी आणि पर्यटनाचा ताण हेच प्रामुख्याने सांगितले जातात. तो आणखी कुठे आहे हे नक्की कळले, तर एका गडावरचा सगळा भार हलका होईल. नाहीच असे कळले, तर त्या माथ्याची काळजी अधिक बारकाईने घ्यावी लागेल. दोन्ही उत्तरांचा उपयोग आहे, न विचारण्याचा मात्र काहीच उपयोग नाही.

यात काळाचाही प्रश्न आहे. ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० या काळात कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या डोंगररांगेत लहान सस्तन प्राण्यांची बारकाईने नोंद करून ठेवली होती. सुमारे ९० वर्षांनी तीच वाट पुन्हा चालून पाहणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या उंचीच्या सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकल्या होत्या. तपमान वाढले की प्राणी गारव्यासाठी वर जातात. योसेमिटीत वर जायला डोंगर शिल्लक होता. सिंहगडाच्या माथ्यावर राहणाऱ्या उंदराला आणखी वर जायला जागाच नाही. जुनी वही होती म्हणून तिथला बदल मोजता आला, हेही विसरू नये.

यापुढे वर्तमानपत्रात किंवा सरकारी अहवालात एखाद्या प्राण्याच्या ‘संभाव्य अधिवासाचा’ रंगीत नकाशा दिसला, तर वाचकाने तीन साधे प्रश्न विचारावेत. हा किती नोंदींवरून काढला? त्यातला एक चौकोन केवढा? आणि काढल्यावर तिथे जाऊन कोणी पाहिले का? या तिन्हींची उत्तरे अहवालात सापडली, तर तो नकाशा वाचण्याजोगा आहे. सापडली नाहीत, तर तो रंगवलेला कागद आहे असे समजायला हरकत नाही.

इलियट यांनी धारवाडच्या शेतातला उंदीर चिठ्ठी लावून पेटीत ठेवला, तेव्हा पुढे सिंहगडावरचा उंदीर वेगळा असल्याचे ठरवताना त्या कुळाची ओळख उपयोगी पडेल, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आजच्या नकाशांनाही अशाच कामाचा आधार लागतो. तारीख आणि जागा नीट लिहिलेली एक चिठ्ठी, आणि रिकाम्या निघालेल्या पिंजऱ्याचीही नोंद असलेली एक वही. गडावर जाणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांनी ही सवय लावून घेतली, तर कोंढाण्याच्या उंदराचा पत्ता अधिक पक्का होण्यास त्यांचाही हातभार लागेल.